हळदीच्या गोणीवरची गाठ

पूर्वी सुमेखला नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील नगररक्षकाच्या कुळात जन्माला आला. वडिलांनंतर त्यांची काठी आणि त्यांचे काम त्याच्याकडे आले. लोक त्याला नायक म्हणत. तो मोजके बोले आणि बोललेले विसरत नसे.

त्या नगरीच्या रक्षकांमध्ये एक जुनी रीत होती. दरोडेखोरांच्या टोळीतला एखादा माणूस आतली माहिती घेऊन आला, तर त्याला अभय देताना नायक आपली ओंजळ पुढे करी. त्या माणसाने ओंजळीत पाणी ओतायचे, वाकून त्या पाण्यावर आपले नाव सांगायचे आणि नायकाने ते पाणी पिऊन टाकायचे. तेव्हापासून ते नाव नायकाच्या पोटात राही. माणूस दुसरे नाव घेऊन दूरच्या गावी जाई. जुने नाव त्याने स्वतःसुद्धा उच्चारायचे नसे. वर्षातून एकदा मात्र नायकाने एकट्याने त्याच्याकडे जाऊन त्याला त्या जुन्या नावाने हाक मारायची. तो सुखरूप आहे ना, हे पाहण्यासाठी ही रीत पडली होती. पण असे राहणारे लोक वर्षभर त्या एका हाकेची वाट पाहतात, हे बोधिसत्त्वाला पुढे कळले.

नगरीपासून काही कोसांवर कांचनी नदीचा घाट होता. तेथे नलक नावाचा नावाडी नाव चालवी. घाटाच्या वरच त्याची झोपडी होती. नाव परत येताना दिसली की त्याची बायको केतकी काठावर येऊन हाक मारी आणि नलक वल्हे उंच करून तिला दाखवी. दोघांना मूलबाळ नव्हते. दिवसाकाठी ही एवढी हाक आणि एवढे वल्हे, यात त्यांचा संसार नीट चालला होता.

त्या भागात खदिर नावाचा दरोडेखोर होता. त्याची माणसे पलीकडच्या तीरावर तांडे लुटत आणि लूट नलकाच्या नावेतून अलीकडे आणत. त्यांनी नलकाला बजावले होते, "तू वल्हव. बघू नकोस." नलकाने बरेच दिवस तसेच केले. भीतीने केले हे खरे. पण त्यांनी दिलेला वाटाही तो घेत होता.

एकदा एका तांड्याबरोबर एक म्हातारी नावेत चढू लागली. तिचा पाय घसरला. ती म्हणाली, "बाळा, हात दे रे." नलकाने हात दिला आणि तिला नीट बसवले. त्याच दिवशी उन्हे कलल्यावर खदिरची माणसे पलीकडच्या तीरावर नावेसाठी येऊन उभी राहिली. त्यांच्यातला एक जण त्या म्हातारीची काठी टेकत, थट्टेने कमरेत वाकून चालत होता. बाकीचे हसत होते.

दुसऱ्या दिवशी नलक बाजाराचे निमित्त करून नगरीत आला आणि बोधिसत्त्वासमोर बसला. टोळीची लपण्याची जागा, त्यांच्या वाटा, लूट विकत घेणाऱ्यांची घरे, सगळे त्याने सांगितले. मग बोधिसत्त्वाने ओंजळ पुढे केली. नलकाने पाण्याचे भांडे उचलले, पण ओतले नाही.

"नायक, मी गेलो तर परत घरी कधी?"

"ते मला सांगता येत नाही."

"निदान बायकोला सांगून येतो."

बोधिसत्त्व म्हणाला, "तुझ्या घरावर त्यांची नजर आहे. तू नाहीसा झालास की ते आधी तिलाच विचारतील. तिला खरोखर ठाऊक नसेल, तरच ते तिच्यावर विश्वास ठेवतील."

नलक पुष्कळ वेळ भांडे धरून बसला. मग त्याने पाणी ओतले आणि वाकून आपले नाव सांगितले. बोधिसत्त्व ते पाणी प्याला.

रक्षकांनी नलकाची नाव गुपचूप उलटवून सोडून दिली आणि त्या दिवशी ती नदीच्या खालच्या वळणावर पालथी सापडली. नलक बुडाला असे घाटाने मानले. कोणी बोधिसत्त्वाला विचारले असते, तर त्याला खोटे बोलता आले नसते. पण कोणी विचारले नाही. केतकीने काठावर बसून बांगड्या फोडल्या, तेव्हा तो गर्दीत मागे उभा होता. आपल्या आज्ञेने झालेले दुःख आपण डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे त्याला वाटले.

टोळीतले बहुतेक जण पकडले गेले. खदिर मात्र निसटला.

नलकाला शिलाग्राम नावाच्या गावी ठेवले होते. ते उंच, कोरड्या माळावर होते. नदी तर दूरच, साधा ओढाही नजरेला पडत नसे. गावात एक खोल विहीर होती आणि तिच्या पाण्यावर लोक हळद पिकवत. नलक तेथे वसुक या नावाने विहिरीवर मोट हाकू लागला. बैल धावेच्या उतारावरून खाली जात, मोट भरून वर येई, पाणी पाटात पडे. त्या पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत तो उभा राही. बैल वळून आपल्या धन्याकडे पाहू लागले की त्याला भान येई.

वर्ष सरल्यावर बोधिसत्त्व लोकर विकत घेणाऱ्याच्या वेषात तेथे गेला. आसपास कोणी नाही असे पाहून त्याने हाक मारली, "नलक."

ती हाक आपल्याला आहे हे कळायला नलकाला क्षणभर लागले. मग तो धावेवरच खाली बसला.

"पुन्हा एकदा म्हणा."

"नलक."

"तुम्ही नाव नीट घेता, नायक," तो म्हणाला. "पण मी ज्या हाकेला वळायचो, ती ही नव्हे."

बोधिसत्त्वाने ती कोणती ते विचारले नाही. मग नलकानेच विचारले, "ती काठावर येते का अजून?"

"येते."

"माझी वाट बघते?"

"तू गेलास असं तिला वाटतं. ती पाण्याकडे बघत उभी राहते आणि घरी जाते."

नलकाने मान हलवली. मग उठून त्याने बैल हाकले.

शिलाग्रामची हळद बैलांच्या पाठीवरून खाली बाजाराला जाई. वाटेत गोण्या सुटत आणि हळकुंडे माळावर सांडत. विहिरीशेजारी राहणारी सोमाआजी, जिच्या देखरेखीखाली सारा गाव हळद शिजवी, ती दरवर्षी गोण्या बांधणाऱ्यांना शिव्या देई. एका हंगामात नलकाने सहज पुढे होऊन एक गोणी बांधून दिली. नाव खुंट्याला बांधताना नावाडी जी गाठ मारतात, तीच त्याने मारली. त्याच्या हाताला दुसरी येतच नव्हती.

आजीने गोणी हलवून पाहिली. "वसुका, या गाठीला खायला काय घालतोस रे? हलत नाही ती."

"ताणलं की बसते, आजी. हे टोक ओढलं की सुटते."

"मग इतके दिवस कुठे लपवून ठेवली होतीस? उद्यापासून सगळ्या गोण्या तूच बांध. आणि या आळशांना शिकव."

नलकाने सगळ्यांना गाठ शिकवली. आपण काय करीत आहोत हे त्याच्या ध्यानात आले नाही. बोधिसत्त्वानेही पुढच्या भेटीत त्या गोण्या पाहिल्या. पण तो नगरात वाढलेला, त्याला सगळ्या गाठी सारख्या.

त्या गोण्या बाजार बदलत बदलत एके दिवशी कांचनीच्या घाटावर उतरल्या. केतकी तेथे वाटसरूंना लाह्या आणि फुटाणे विकत बसे. समोरच बैल थांबला. तिची नजर गोणीच्या तोंडाकडे गेली आणि तेथेच राहिली.

लहानपणी नावेच्या दोरात सापडून नलकाच्या उजव्या तर्जनीचे पेर तुटले होते. इतर नावाडी शेवटचा पेच तर्जनीने ओढत, त्यामुळे दोराचे टोक वर राही. नलक तो अंगठ्याने दाबून ओढी, म्हणून त्याच्या गाठीचे टोक खाली दडे. केतकीने बोट घालून पाहिले. टोक खाली होते.

"दादा, ही गाठ कुणी बांधली?" तिने बैलवाल्याला विचारले.

"बाई, हळद कशी दिली ते विचारा. गाठीचं मला काय ठाऊक? वरच्या अंगाचा माल आहे."

"वरच्या म्हणजे कुठल्या?"

"वरच्या म्हणजे वरच्या. चार हात बदलून येतो."

शेजारच्या ताडीच्या दुकानाच्या मालकाने हे ऐकले. तो खदिरचा कान होता. त्याने उठून गोणी पाहिली. टोक वर की खाली हे त्याला कळण्यासारखे नव्हते; पण घाटावर जन्म गेल्यामुळे नावाड्याची गाठ तो ओळखत होता. त्याने त्याच दिवशी दुकान बंद केले आणि खदिरला जाऊन गाठले.

खदिरने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "जिथे नदी नाही तिथे नावाड्याची गाठ कशी गेली?" मग तो स्वतःच हसला. "बुडालेला माणूस माळावर निघाला म्हणायचा."

ताडीवाल्याच्या पाळतीवर उग्रक नावाचा एक वयस्क रक्षक होता. दुकान अचानक का बंद झाले याची त्याने चौकशी केली, तेव्हा बैलवाल्याने त्याला गाठीची हकीकत सांगितली. ती बोधिसत्त्वापर्यंत आली आणि राजापर्यंतही गेली.

राजा अरिंदम खूश झाला. तो म्हणाला, "ती बाई आज ना उद्या नवऱ्याला शोधत वर जाईल. तिच्या मागे खदिर जाईल. त्याच्या मागे आपण. याहून सोपं काय आहे?"

"सोपं आहे, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "पण खदिर आमच्या आधी पोचेल. त्या दोघांपैकी कोणीतरी मरेल."

"अरे, तो नावाडी काय साधू होता? दरोडेखोरांना पार नेत होता, वाटा घेत होता. तुझ्या ओंजळीनं त्याचं पाप धुतलं गेलं का?"

"नाही, महाराज. तो निर्दोष आहे असं मी कधी म्हटलं नाही. तो सुरक्षित आहे असं म्हटलं होतं."

"कुठे आहे तो? गाव सांग."

बोधिसत्त्वाने नकारार्थी मान हलवली.

"मी राजा आहे."

"होय. पण ते मी पाण्याबरोबर प्यालो आहे. बाहेर काढायचं तर मला चिरावं लागेल."

राजा हसू लागला; पण समोरचा माणूस हसत नाही हे पाहून थांबला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पुढच्या हळदीचा हंगाम संपण्याच्या आत खदिर माझ्यासमोर हवा. नाहीतर काठी खाली ठेव. पुढचा नायक त्या बाईच्या मागे माणसं लावील."

बोधिसत्त्वाने प्रणाम केला आणि तो बाहेर पडला. नलकाला दुसऱ्या गावी हलवावे असे त्याच्या मनात आले. पण जेथे जाईल तेथे हा माणूस दोर हातात घेणारच, आणि हात तीच गाठ मारणार. मग त्याने ठरवले आणि तो शिलाग्रामला गेला.

सगळे ऐकल्यावर नलक म्हणाला, "चूक माझ्या हातून झाली. आता मी दोराला हात लावत नाही."

"तू लावू नकोस," बोधिसत्त्व म्हणाला. "पण मला ती गाठ शिकव. राज्यातल्या प्रत्येक गोणीवर ती बसली, तर तिच्या मागून कोणी कुठेही पोचणार नाही."

नलकाने त्याला गाठ शिकवली. बोधिसत्त्व तर्जनीनेच पेच ओढत होता आणि टोक वर राहत होते. नलक त्या टोकाकडे पाहत राहिला.

"तिनं खाली दडलेलं टोक ओळखलं?"

"ओळखलं."

नलकाने तोंड फिरवले. मग तो म्हणाला, "म्हणजे आता ती रोज शोधेल. आणि मी बांधली नाही तर तिला सापडणार नाही."

"नाही सापडणार."

"आपल्याला भास झाला असं वाटेल तिला."

"वाटेल. तू म्हणशील तर मी तिला सांगेन; नाव तुझं, ते उघडायचं की नाही हे तूच ठरव. पण खदिर मोकळा आहे."

विहिरीत मोट अर्ध्यावर लटकत होती. पाणी ठिबकत होते. नलक ते ऐकत बसला आणि म्हणाला, "नका सांगू."

पुढे राजाज्ञा निघाली. जकातीच्या नाक्यावरून जाणारी प्रत्येक गोणी या नव्या गाठीने बांधावी, म्हणजे वाटेत माल सांडणार नाही. आज्ञेत खोटे काही नव्हते. माल खरोखरच सांडेनासा झाला. रक्षक नाक्यानाक्यावर बसून लोकांना गाठ शिकवू लागले. म्हातारा उग्रक स्वतः शिकताना कुरकुरत होता. "नायक, लढायांत बोटं शाबूत राहिली. ती आता या सुतळीत जाणार."

"सावकाश, उग्रक. अंगठा बाजूला घे."

"अंगठा माझाच आहे, पण ऐकत नाही माझं."

बोधिसत्त्वाने नाक्यांवर आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. गाठ कोणी शिकवली असे कोणी विचारले, तर आनंदाने सांगा की राजाच्या माणसांनी. व्यापारी असेल तर तेवढ्यावर पुढे जाईल. पण जो पुढच्या गावीही तेच विचारील आणि त्याच्या पुढच्याही, त्याच्या मागे राहा.

हळदीचा हंगाम सुरू झाला. घाटावर गोण्यांच्या राशी लागल्या आणि प्रत्येक गोणीवर तीच गाठ. केतकी रोज लाह्यांची टोपली ठेवून राशींमधून फिरे. ती आता कोणाला काही विचारत नसे. वाकून प्रत्येक गाठीखाली बोट घाली आणि पुढच्या गोणीकडे जाई.

एक बैलवाला तिला म्हणाला, "काकी, रोज गोण्या चाचपता, घेत तर काही नाही. हळद लागते बघा हाताला."

"लागू दे," ती म्हणाली. "पुष्कळ दिवसांत लागली नव्हती."

बैलवाला ओशाळला आणि बैलाचे जू उगाच नीट करू लागला.

बोधिसत्त्व मीठ घेणाऱ्याच्या वेषात पलीकडे उभा होता. शेवटची रास संपली. केतकी सरळ झाली, पिवळ्या बोटांकडे तिने पाहिले आणि नदीवर जाऊन हात धुतले. एका शब्दाने तिचे दुःख संपवता आले असते आणि तो शब्द त्याच्याकडे होता. तो तोंड मिटून उभा राहिला. पुढे पुष्कळ दिवस त्याला अन्न गोड लागले नाही.

खदिर वरच्या अंगाला फिरत होता. प्रत्येक गावात नावाड्याची गाठ होती आणि कोठेही नावाडी नव्हता. तो विचारी आणि लोक सांगत, "राजाच्या माणसांनी शिकवली." त्याचा विश्वास बसत नसे, म्हणून तो पुढच्या गावी विचारी. त्याच्या मागे एकेका नाक्याचे रक्षक एका गावाचे अंतर ठेवून चालू लागले. त्यांच्यात बोधिसत्त्वही होता.

असे फिरत फिरत एका दुपारी खदिर शिलाग्रामच्या विहिरीवर आला. त्याच्याबरोबर आता एकच साथीदार उरला होता. सोमाआजी सावलीत गोण्या शिवत बसली होती. धावेवर नलक पाठमोरा, मोटेचे गाणे गात बैल हाकीत होता.

"आजी, पाणी मिळेल?" खदिरने विचारले.

तो आवाज नलकाने ओळखला. त्याला पळून जावेसे वाटले. पण मोटकऱ्याने गाणे थांबवले की सगळ्यांच्या माना विहिरीकडे वळतात, हे त्याला ठाऊक होते. नावेत खदिरने त्याला कधी बोलू दिले नव्हते, गाणे तर दूरच; म्हणून त्याचा आवाज खदिरच्या ओळखीचा नव्हता. नलकाने पागोटे खाली ओढले आणि तो गात राहिला. मोट वर आली आणि पाणी पाटात पडले. खदिर वाकून त्या पाटातले पाणी प्याला.

"ही गाठ तुम्हाला कुणी शिकवली, आजी?"

आजीने त्याला खालवर न्याहाळले. अशा माणसाबद्दल मागच्या गावाहून रक्षकांचा कालच निरोप आला होता. "इथे सगळेच बांधतात, बाबा. तुला शिकायची आहे का?"

"मला कशाला?"

"एवढं विचारतोयस तर बस. दे हात. असा नव्हे रे, दोन्ही दे. काय बाई हात हे, कुऱ्हाडीचे दांडे जसे." तिने त्याचे दोन्ही अंगठे सुतळीत घेतले. "हा पेच असा. आता ताण. अजून ताण."

खदिरने ताणले आणि गाठ बसली. त्याला हसू आले. "आता सोडायची कशी?"

"ते टोक माझ्याकडे आहे," आजी म्हणाली.

तेवढ्यात रक्षक येऊन पोचले. साथीदार पळाला आणि पाटाशी पकडला गेला. खदिर उठला नाही. सुतळीत अडकलेल्या आपल्या अंगठ्यांकडे तो पाहत राहिला. त्याला नेताना बोधिसत्त्वाने धावेकडे एकदाही पाहिले नाही. नलक शेवटपर्यंत गात होता. सगळे दूर गेल्यावर त्याचा आवाज फुटला आणि बैल आपोआप थांबले.

राजाने बोधिसत्त्वाला हवे ते मागायला सांगितले. त्याने मागितले की खदिरला सुळावर देऊ नये, बंदीत जिवंत ठेवावे. आणि त्या माणसाचे गाव त्याला पुन्हा कधी विचारू नये. राजाने दोन्ही मान्य केले.

मग बोधिसत्त्व शिलाग्रामला गेला. "खदिरची काही माणसं अजून बाहेर असतील," तो म्हणाला. "घाटावर तुला परत जाता येणार नाही. पण केतकी इकडे येऊ शकते. सांगू तिला?"

नलक म्हणाला, "तिनं मला रडून घेतलंय, नायक. मी काय करत होतो तेही तिला आता घाटावर कळलं असेल. त्या म्हातारीचं कळलं असेल. तुम्ही सांगितलंत तर ती धर्म म्हणून येईल. तसं नको. मी एक गोणी बांधतो. ओळखून तिला यावंसं वाटलं तर येईल."

त्याने एक गोणी पुढे ओढली आणि शेवटचा पेच अंगठ्याने दाबून ओढला. टोक खाली दडले. त्या संबंध हंगामात त्याने गोणीच्या दोराला लावलेला तो पहिला हात होता.

ती गोणी म्हातारा उग्रक गाडीतून घाटावर घेऊन गेला. हंगाम संपत आला होता आणि राशी विरळ झाल्या होत्या. केतकी आताशा रोज येत नसे. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ती आली, सवयीने वाकली, बोट घातले आणि तशीच वाकलेली राहिली.

उग्रक आकाशाकडे पाहत बैलाची पाठ खाजवीत होता.

केतकीने कोणाला काही विचारले नाही. ती गोणीच्या शेजारी खाली बसली आणि गाठीवर हात ठेवून बसून राहिली. ती किती वेळ बसली हे उग्रकाने मोजले नाही. मग ती उठली, झोपडीत गेली, दार ओढून घेऊन परत आली. तिच्या हातात लाह्यांची टोपली तेवढी होती.

"बाबा, गाडी कधी परत जाणार?"

"आत्ता निघतोय, पोरी. जाताना रिकामीच असते."

"वाट लांब आहे?"

"लांब आहे. नदी लागत नाही कुठे."

केतकीने एकदा मागे वळून कांचनीकडे पाहिले आणि ती गाडीत चढली.

पुढचे वर्ष सरल्यावर रीतीप्रमाणे बोधिसत्त्व शिलाग्रामला निघाला. आता ते दोघे पुन्हा नदी पाहणार नाहीत, आपल्या माणसांत परतणार नाहीत, हे त्याच्या मनात होते. राखलेल्या वचनातही कोणाचे तरी पाणी तुटतेच, याचे दुःख त्याला वाटत होते. विहीर दिसू लागली तेव्हा नलक धावेवर पाठमोरा होता. बोधिसत्त्वाने हाक मारण्यासाठी तोंड उघडले.

त्याच्या आधी झोपडीच्या दारातून एका बाईची हाक आली. "अहो, बैल थांबवा. पाहुणे आलेत."

नलक वळला. हातातला आसूड त्याने वल्ह्यासारखा उंच केला.

बोधिसत्त्वाने तोंड मिटले. त्या वर्षी त्याला ते नाव उच्चारावे लागले नाही.

शास्त्यांनी ही कथा विहारातल्या एका तरुण भिक्षूला जवळ बसवून सांगितली होती. तो घर सोडून आला होता, पण संध्याकाळ झाली की कुंपणाशी उभा राहून गावाच्या वाटेकडे पाहत राही. एक स्थविर त्याला त्यावरून हसत असे. शास्ते म्हणाले, "भिक्षू, हे पाहत राहणं तुझं आजचं नाही. त्या जन्मी नलक तूच होतास. विहारात रोज भात आणून देणारी आणि कोणाला काही न विचारणारी उपासिका, ती केतकी. तुला हसणारा स्थविर तेव्हा राजा अरिंदम होता. आज आपल्या दारावर राखण करणारा तो खदिर. चीवरं शिवणारी थेरी, ती वृद्ध भिक्षुणी, सोमाआजी होती आणि उग्रक म्हणजे आपला वृद्ध गाडीवान. ज्यानं ओंजळीतलं नाव पोटात ठेवलं, तो नगररक्षक मी होतो."

दोषी माणसालाही दिलेला शब्द प्राण, पद आणि राजाज्ञा यांच्यापुढे न मोडणे, आणि तो पाळताना त्या माणसाच्या मनातली ओढ न विसरणे, अशा रीतीने बोधिसत्त्वाने त्या जन्मात सत्यपारमिता पूर्ण केली.